पावलांना लागणारा चकवा

कोकणात 'चकवा' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही; महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत तर नाहीच. रात्री किंवा दाट धुक्यात रानातून निघालेला माणूस तासन्‌तास चालत राहतो आणि शेवटी निघाला होता तेथेच येऊन पोहोचतो. मग लोक म्हणतात, याला चकवा लागला. वर्गात हा विषय निघाला की आपण 'अंधश्रद्धा' असा शेरा मारून पुढे जातो, नाहीतर हसून सोडून देतो. पण अनुभव वेगळा आणि त्याचे सांगितलेले कारण वेगळे. भूत नसेल, गोल फिरणे मात्र खरे आहे आणि ते मोजलेही गेले आहे.

गेल्या पाव शतकात या गोल फिरण्याला एक निराळेच महत्त्व आले आहे. संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगात माणसाला स्वतःच्या पायांनी हिंडवायचे असेल, तर त्याला मुद्दाम चकवा लावावा लागतो. तो कसा लावतात, चालणाऱ्याला तो कितपत कळतो आणि कळला नाही म्हणजे त्याचा परिणामही झाला नाही असे समजावे काय, हे या लेखात पाहू. यातला शेवटचा प्रश्न महाड औद्योगिक वसाहतीसारख्या, रसायनांच्या कारखान्यांनी भरलेल्या ठिकाणी नुसत्या कुतूहलाचा राहत नाही. त्याकडे आपण येणारच आहोत.

आधी खरा चकवा. यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जर्मनीतील एका सपाट, घनदाट जंगलात सहा जणांना 'शक्य तितके सरळ चाला' असे सांगून सोडले. त्यांच्या मागावर उपग्रहाच्या साहाय्याने स्थान नोंदणारे यंत्र होते. चौघे ढगाळ दिवशी चालले; ते चौघेही गोल फिरले, आणि त्यांतील तिघांनी आपलीच वाट पुन्हा ओलांडली तरी त्यांना त्याचा पत्ता नव्हता. दोघांना सूर्य दिसत होता. ते जवळजवळ सरळ गेले. ट्युनिशियाच्या वाळवंटात रात्री चाललेला एक जण चंद्र दिसत होता तोवर सरळ गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर तो वळत वळत आल्या दिशेने परत फिरला. मोकळ्या जागेत डोळे बांधून चालवलेल्या माणसांची वर्तुळे तर कधी कधी २० मीटर व्यासाहूनही लहान होती.

एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब किंवा बळकट असतो, म्हणून माणूस एका बाजूला वळत जातो, असे एक स्पष्टीकरण आपण शाळेत ऐकलेले असते. या प्रयोगाने ते मोडीत काढले. पायांच्या लांबीतील वा ताकदीतील फरकाशी वळण्याच्या दिशेचा मेळ बसला नाही. शिवाय तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. दोष पायांत नसून 'सरळ म्हणजे कोणीकडे' या मेंदूच्या अंदाजात होता. प्रत्येक पावलागणिक त्या अंदाजात बारीकशी चूक शिरते. डोंगरमाथा, सूर्य, देवळाचा कळस असे काही दिसत असले तर चूक दुरुस्त होते. काहीच दिसत नसले तर चुका साचत जातात. वाट चुकल्यास उजाडेपर्यंत जागीच बसून राहा, हा जुन्या माणसांचा सल्ला म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

आपण किती चाललो आणि कोणीकडे वळलो, हे मेंदू तीन साक्षीदारांना विचारून ठरवतो. पहिला साक्षीदार डोळा. चालताना आजूबाजूची दृश्ये मागे सरकतात. त्यांच्या सरकण्यावरून वेग व दिशा यांचा अंदाज येतो. दुसरा आतला कान. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव डोके वळू लागले की मागे रेंगाळतो आणि तेथील संवेदी केसांना वाकवतो. तिसरा साक्षीदार म्हणजे स्नायू, सांधे आणि तळपाय.

हे तिघे एरवी एकमताने बोलतात, म्हणून ते तीन आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. फूट पडते ती एस. टी. स्थानकावर. आपण गाडीत बसलेलो असतो, शेजारची गाडी हलते आणि क्षणभर आपलीच गाडी निघाली असे वाटते. डोळ्याने एक सांगितले, कान आणि अंग दुसरे सांगत होते, आणि मेंदूने डोळ्याचे ऐकले. विद्यार्थ्यांना हा विषय समजावताना याहून सोपे उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

कानाच्या साक्षीत एक मोठी उणीव आहे. नलिकांतील द्रवाला वळण्याचा वेग बदललेला कळतो. वेग कायम राहिला तर काही सेकंदांनी द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो आणि कानाच्या लेखी वळणे संपते. म्हणजे सावकाश, एकाच गतीने चाललेले वळण कानाच्या हाती सहसा लागत नाही. आभासी जगातला चकवा याच फटीतून आत शिरतो.

आभासी वास्तवाच्या यंत्रात डोळ्यांवर एक पडदा चढवतात. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे खोली भासते. आणि डोके जसे हलेल तसे चित्र बदलते. अडचण अशी की चित्रातले दालन किंवा रान कितीही मोठे असू शकते, पण ज्या खोलीत माणूस खरोखर उभा आहे ती चार भिंतींची असते. चार-सहा पावलांत नाक भिंतीला लागायचे. मग बहुतेक ठिकाणी हातातील कळ दाबून 'चालण्यावर' वेळ निभावून नेतात. पण त्यात पाय हलत नाहीत. तीनपैकी दोन साक्षीदार गप्प राहतात, आणि पुष्कळांना मळमळू लागते.

यावर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शरीफ रझाक, झकारिया कोन आणि मेरी व्हिटन यांनी २००१ साली एक तोड मांडली. माणूस १० अंश वळला की चित्रही १० अंश वळवायचे, हा झाला चोख व्यवहार. चित्र १० ऐवजी ११ अंश वळवले तर? वाणी तराजूला किंचित काटा मारतो तसा हा प्रकार. माणूस चित्राच्या हिशोबाने वळतो, त्याचे शरीर मात्र निराळ्या कोनातून वळलेले असते. चालता चालताही तेच करता येते. माणूस सरळ चालत असताना त्याच्यासमोरचे जग हळूहळू डावीकडे फिरवत न्यायचे. समोरचे दार समोर ठेवण्यासाठी तो न कळत डावीकडे वळत राहतो. चित्रात सरळ रेषा, जमिनीवर कंस. त्यांच्या प्रयोगात माणसे प्रयोगशाळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती येरझारा घालत होती, पण त्यांच्या समजुतीप्रमाणे ती एका बऱ्याच मोठ्या दालनात नागमोडी फिरत होती. विशेष म्हणजे त्यांना दिलेला प्रसंग होता आग लागल्यावर करायच्या कवायतीचा.

हा काटा किती मारला तर कळत नाही, याची पद्धतशीर मोजणी फ्रांक श्टाइनिके आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. चित्रातल्या वळणापेक्षा शरीर सुमारे ४९ टक्के जास्त किंवा २० टक्के कमी वळवले तरी चालते. चित्रात काटकोनात वळलेला माणूस प्रत्यक्षात ७२ अंशांपासून १३४ अंशांपर्यंत कितीही वळलेला असू शकतो! अंतराच्या बाबतीत फसगत थोडी कमी आहे. प्रत्यक्ष १० मीटर चालणे चित्रात ८.६ मीटरपासून १२.६ मीटरपर्यंत दाखवले तरी ते खपून जाते. आणि २२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालणाऱ्याला आपण सरळ चाललो आहोत असे वाटते.

२२ मीटरचे गणित फळ्यावर करून पाहण्याजोगे आहे. परीघ झाला सुमारे १३८ मीटर. म्हणजे एक मीटर चालण्यात वळण जेमतेम २.६ अंशांचे. आता दोन पावलांच्या रेषांत १० सेंटिमीटर अंतर धरा. पूर्ण फेरीत बाहेरच्या पायाला आतल्या पायापेक्षा २ × ३.१४ × १० म्हणजे सुमारे ६३ सेंटिमीटर जास्त चालावे लागते. एक पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले, तर एका फेरीत प्रत्येक पाय साधारण ९८ वेळा पुढे पडतो. ६३ भागिले ९८ म्हणजे दर खेपेस फक्त ६ मिलिमीटरांचा फरक, तोही १४० सेंटिमीटरांच्या टप्प्यात. खडी-मातीच्या वाटेवर पावले याच्या कितीतरी पट वेडीवाकडी पडतात. पायांनी तक्रार करावी तरी कशाच्या जोरावर?

'कळत नाही' हे कसे ठरवतात, तेही पाहिले पाहिजे, कारण येथे वाचकाची गल्लत होते. माणसाला चालवून विचारतात: चित्रातली हालचाल तुमच्या खऱ्या हालचालीपेक्षा जास्त होती की कमी? 'सांगता येत नाही' हे उत्तर चालत नाही. काहीच कळत नसेल तर उत्तरे नाणेफेकीसारखी, शंभरात पन्नास बरोबर येतील. स्पष्ट कळत असेल तर शंभरात शंभर. यांच्या मध्यावर, शंभरात पंचाहत्तर, ही सीमा मानण्याचा संकेत आहे. म्हणजे सीमेवरसुद्धा माणूस पुष्कळदा बरोबर ओळखतो! शिवाय हा आकडा पद्धतीनुसार हलतो. २०१६ साली टिमोफे ग्रेच्किन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा २२ मीटरची त्रिज्या एका पद्धतीने ११.६ मीटरवर, तर दुसऱ्या पद्धतीने ६.४ मीटरवर आली. कबड्डीच्या मैदानाची लांबी १३ मीटर असते. २२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाला अशी तीन मैदाने एकापुढे एक मांडली तरी पुरत नाहीत, ६.४ मीटरचे वर्तुळ लांबीत एका मैदानात मावते, रुंदीत मात्र तीनेक मीटर कमी पडतात. 'माणसाला इतके अंश कळतात' असे एखाद्या धातूच्या वितळणबिंदूसारखे सांगता येत नाही, ते यामुळे.

फसवणुकीच्या आणखीही तऱ्हा निघाल्या आहेत. पापणी लवते त्या क्षणी आपण आंधळे असतो. तेवढ्यात चित्र २ ते ५ अंश फिरवले तरी लक्षात येत नाही, असे २०१८ मध्ये दिसून आले. एव्हन सुमा यांच्या प्रयोगांत माणूस खोलीत काम करीत असताना त्याच्या पाठीमागे आभासी खोलीचे दारच एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत हलवले जाई. ७७ जणांपैकी एकाच्याच ते ध्यानात आले. आम्हाला हा आकडा सगळ्या अंशांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

आता मुख्य मुद्दा. फसवणूक कळली नाही, म्हणजे शरीरावर तिचा काही ठसा उमटला नाही, असे आहे काय? तसे नाही. जॉन रीझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली एक मजेदार वाटणारा पण मोलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. ट्रॅक्टरने ओढल्या जाणाऱ्या गाड्यावर त्यांनी चालण्याचा सरकपट्टा बसवला. माणूस पट्ट्यावर एका वेगाने चालत होता, आणि आजूबाजूचे जग ट्रॅक्टरच्या वेगाने, म्हणजे वेगळ्याच गतीने, मागे जात होते. काही वेळाने त्याला खाली उतरवून, एक खूण दाखवून, डोळे बांधून तेथवर चालायला सांगितले. एरवी हे काम माणसे चांगले करतात. पण पायांच्या मानाने जग हळू सरकलेले पाहिलेला माणूस खुणेच्या पुढे गेला, आणि जग वेगाने सरकलेले पाहिलेला अलीकडेच थांबला. 'माझ्या एका पावलाला इतके अंतर' हा मेंदूतला भाव त्या थोड्या वेळात बदलला होता.

वळण्याचेही तसेच आहे. फिरत्या तबकडीवर बराच वेळ जागच्या जागी पावले टाकलेल्या माणसांना नंतर डोळे बांधून सरळ चालायला सांगितले, तर ती वळत जातात आणि आपण सरळच चाललो असे सांगतात. आभासी जगातही असे घडते. वाकड्या वाटेवर काही वेळ चालवलेल्या माणसांना ती वाट पुढे आणखी वाकडी केली तरी सरळ वाटू लागते, असे २०१९ मधील एका अभ्यासात आढळले. आणि वर्तुळ फार लहान केले, की त्यावर चालणाऱ्यांना आठवणीची कामे जड जातात. मनाला कळो न कळो, समतोल सावरण्याचा खर्च कोठून तरी होतोच.

हे सारे घेऊन महाडला येऊ. बिरवाडी परिसरातील औद्योगिक वसाहतीत प्रामुख्याने रासायनिक कारखाने आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी येथील औषधनिर्मितीच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि त्यात कामगार दगावले. आपल्या वर्गांतील किती मुलांचे वडील, काका, भाऊ या वसाहतीत पाळीवर जातात, हे शिक्षकांना सांगायला नको. भोंगा झाला की कोणत्या वाटेने निघायचे, वारा कोणीकडून आहे ते पाहून वायूच्या आड कसे जायचे, कोठे जमायचे, याचा सराव ठराविक काळाने करायचा असतो. पण चालू कारखान्यात खरा धूर करून सराव घेता येत नाही. म्हणून धूर, ज्वाळा आणि अंधार दाखवणाऱ्या आभासी सरावाकडे जगभर रासायनिक उद्योग वळत आहेत. कल्पना उत्तम आहे. त्यात चुका करण्याची मुभा आहे आणि चुकल्यास कोणी भाजत नाही.

मात्र धुरात माणूस डोळ्यांनी चालत नाही. त्याचे पाय चालतात, हात भिंत चाचपतो आणि सवय वाट दाखवते. समजा, एका शेडमध्ये यंत्रापासून बाहेरच्या दारापर्यंत ५० मीटर अंतर आहे. सरावाची खोली लहान, म्हणून चित्रातले अंतर २६ टक्के फुगवले. म्हणजे शिकणारा प्रत्यक्षात साधारण ४० मीटरच चालला. ७० सेंटिमीटरच्या पावलाने खरे अंतर ७१ पावलांचे. त्याच्या पायांनी पाठ केली ५७. त्याला विचाराल तर तो म्हणेल, सगळे अगदी खऱ्यासारखे होते. आणि खऱ्या धुरात त्याचे पाय त्याला दाराच्या १० मीटर अलीकडे 'आले' म्हणून सांगतील. काटकोनाच्या वळणांची गतही अशीच होऊ शकते.

एवढ्यावरून आभासी सराव टाकाऊ ठरत नाही. वाटचाल फिरवण्याची ही तंत्रे अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहेत. शिवाय कोणता झडपनळ आधी बंद करायचा, भोंगा कोण वाजवणार, जखमीला कोठे न्यायचे, असल्या गोष्टी शिकण्यात पावलांच्या मापाचा प्रश्न येत नाही. पण वाट शिकवायची असेल तर दोन गोष्टी मागून घ्याव्यात असे आमचे मत आहे. यंत्र बसवणाऱ्याला विचारावे, की चित्रातले अंतर आणि जमिनीवरचे अंतर यांचे प्रमाण किती ठेवले आहे. 'वापरणाऱ्याला फरक कळत नाही' हे या प्रश्नाचे उत्तर होत नाही. आणि आभासी सरावानंतर त्याच माणसाला खऱ्या शेडमध्ये, काम बंद असताना, सोबत माणूस देऊन, डोळे बांधून, भिंतीला हात लावून एकदा चालवावे. पायांत शिरलेले चुकीचे माप पायांनीच निघते.

शाळेत हे सारे यंत्राशिवाय करता येते. सपाट मैदानावर फक्कीने ५० मीटरची सरळ रेघ मारा. एका मुलाचे डोळे बांधून त्याला रेघेच्या सुरुवातीला उभे करा, समोर तोंड असल्याची खात्री करा आणि चालू द्या. एक जण चार पावले मागून, न बोलता, अनवाणी चालेल आणि मुलगा कडेला पोहोचण्याआधी थांबवेल. दर दहा पावलांना खडा ठेवत गेले की वाट दिसू लागते. रेघेपासून प्रत्येक खड्याचे अंतर मोजून आलेख काढा, आणि प्रत्येक मुलाला तीनदा चालवा; 'हा डावराच आहे, म्हणून डावीकडे गेला' अशी घाई त्याशिवाय टळणार नाही. मैदान महामार्गालगत असेल तर वाहनांचा आवाज दिशा दाखवतो; कारखान्याच्या पंख्याची घरघर तेच करते; गालावर पडणारे ऊनही मुलांना वाट सांगते. म्हणून एक फेरी कानांत कापूस घालून आणि ढगाळ दिवशी घ्या, आणि दोन्ही आलेख शेजारी लावा. त्यांतला फरक मुलांना स्वतःला शोधू द्यावा, हे उत्तम.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानावर पाऊल ठेवण्याची सोय नाही. तेव्हा वर्गातच जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यावर कोनमापकाप्रमाणे अंश मांडा. मुलाने मध्यावर उभे राहून, डोळे मिटून, हात पुढे करून जागच्या जागी पन्नास पावले टाकायची. पावले मोठ्याने तो मोजणार नाही. दुसरा कोणीतरी मनात मोजेल, म्हणजे आवाजाची खूण राहणार नाही. डोळे उघडण्यापूर्वी त्याला विचारा, फळा कोणीकडे आहे ते बोटाने दाखव. त्याने दाखवलेली दिशा, पायांची खरी दिशा आणि फळ्याची दिशा, असे तीन आकडे वहीत उतरवून घ्या.